एका ओळीचा पॅच, आणि तीन आठवडे कुणी बघेना

क्रेटवाला_पिंपळगाव
१० फेब्रुवारी, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. मी पिंपळगाव बसवंतला एका द्राक्ष पॅकहाउसचं सॉफ्टवेअर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे मीच लिहिलंय आणि शिव्याही मीच खातो. क्रेट आत आली की वजन, शेतकऱ्याचं नाव, गाव, तोडणीची तारीख असं सगळं एका चिठ्ठीवर छापून क्रेटला लागतं. छपाईसाठी एक ओपन सोर्स पायथन लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून सगळ्यांना खुला ठेवलेला तयार कोड, वापरतो. तिचं नाव मुद्दाम देत नाही, मला इथे कुणाची तक्रार करायची नाही. (थोडी करायची आहे.)

तर झालं असं. आमच्याकडे माल घालणाऱ्या एका काकांचं आडनाव कुऱ्हाडे. चिठ्ठीवर छापून आलं 'कुर्हाडे', म्हणजे ह च्या डोक्यावर रफार. काका भडकले. म्हणाले, "चाळीस वर्षं सातबाऱ्यावर नीट आहे, तुझ्याच मशीनला काय धाड भरली?" आणि त्यांच्याच पुतण्याचं तेच आडनाव बरोबर छापलं जातंय! दोन रात्री डोकं फोडल्यावर कळलं की पुतण्याचं नाव मोबाइलवरून भरलंय, काकांचं जुन्या एक्सेल फाइलीतून आलंय. दिसायला दोन्ही सारखीच, पण आत वेगळी. मोबाइलच्या कीबोर्डने खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त दिलाय. जुन्या फाइलीत साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह आहे, युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक यू+२००डी. आता ही लायब्ररी छापायच्या आधी मजकूर साफ करते आणि ते जोडचिन्ह कचरा समजून उडवते. ते गेलं की उरतो रफारवाला र्ह.

मी दुरुस्ती केली, आमच्याकडे चालली, १९ जानेवारीला पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल मूळ कोडात घ्या अशी विनंती, पाठवली. दोन दिवसांत मेंटेनरचं, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याचं, उत्तर आलं: खूप बदल एकत्र आहेत, वेगळे करा, टेस्ट (बदल तपासणारा कोड) कुठे आहे, फॉन्टची फाइल कशासाठी. मी लिहिलं की सगळं गरजेचं आहे, आमच्याकडे व्यवस्थित चालतंय. त्यानंतर शुकशुकाट. मध्ये दोनदा 'काही अपडेट?' असं विचारलं. काल त्याने ती बंदच करून टाकली.

चूक खरी आहे, दुरुस्ती खरी आहे, फुकट देतोय. मग हे लोक पॅच, म्हणजे बाहेरून आलेली दुरुस्ती, घेतात तरी कसे? ओळख लागते का?

नाशिकरोडचा_नाना
११ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

लागते ना भो. आपला मराठीचा र त्या लोकांना काय कळणार आणि काय पडलंय? फोर्क कर, स्वतःची कॉपी वापर, मोकळा हो. मी तेच करतो.

सेकंड_शिफ्ट_सातपूर
११ फेब्रुवारी, दुपारी १:३०

क्रेटवाल्या, तू मेसेजमध्ये पाठवलेली लिंक उघडून बघितली. जेवणाची सुट्टी त्यातच गेली, तेव्हा आता ऐकून घे.

११ फाइली, ९४० ओळी. त्यात तुझी दुरुस्ती कुठे आहे हे शोधायला मला, मराठी येणाऱ्या आणि तुझी पोस्ट आधी वाचलेल्या बाईला, पंधरा मिनिटं लागली. ती एक ओळ आहे. बाकीच्या ९३९ काय? तुझ्या एडिटरने फाइल सेव्ह करताना सगळ्या कोडची इस्त्री केली, एकेरी अवतरणांची दुहेरी केली, ओळी मोडल्या. तीन व्हेरिएबलांची नावं तुला आवडली नाहीत म्हणून बदलली. एक फॉन्ट टाकला. आवृत्तीचा आकडा स्वतःच वाढवला, जणू रिलीज तूच काढणार आहेस. शीर्षक काय, तर 'मराठी प्रॉब्लेम फिक्स्ड'. मी त्या जागी असते तर तीन आठवडे थांबले नसते, दुसऱ्या दिवशीच बंद केली असती.

राग येऊ देऊ नकोस. माझा पहिला पॅच यापेक्षा भारी होता.

२०१८ची गोष्ट. आमच्या कारखान्यात वीज मीटरांचं रीडिंग आरएस-४८५ नावाच्या जोडणीवरून एका छोट्या लिनक्स डब्यात येतं. खरेदीवाल्यांनी स्वस्तातले यूएसबी कन्व्हर्टर आणले, चाळीस नग. आतली चिप ओळखीची, पण बनवणाऱ्याने प्रॉडक्ट आयडी स्वतःचा घातलेला. त्यामुळे कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ड्रायव्हर त्याला ओळखच देईना. लाइट जाऊन आली की दर डब्यात शिरून तो आयडी हाताने लिहायचा, मग मीटर बोलायला लागायचे. आणि लाइट नेमकी शिफ्ट बदलतानाच जाते. ड्रायव्हरमध्ये ओळखीच्या उपकरणांचा एक तक्ता असतो, त्यात एक ओळ वाढवली की काम झालं. मी ती वाढवली आणि नेहमीच्या वेबमेलवरून पाठवून दिली.

मेल परत आला, कारण कर्नलच्या मेलिंग लिस्टवर एचटीएमएल मेल चालतच नाही, साधा मजकूर लागतो. पुन्हा साधा करून पाठवला. तो पोचला, पण वेबमेलने सगळ्या टॅबच्या स्पेस करून टाकल्या होत्या. कर्नलमध्ये इंडेंट टॅबचा असतो, त्यामुळे पॅच लागेचना. मग गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) आणि त्याचं सेंड-ईमेल शिकले. तिसऱ्यांदा नीट गेला, तर उत्तर आलं की तक्ता आयडीच्या क्रमाने लावलेला आहे, तुमची ओळ शेवटी का? शिवाय साइन्ड-ऑफ-बायच्या ओळीत मी नेटवरचं टोपणनाव टाकलं होतं. त्या वेळी तिथे खरंखुरं नावच लागायचं.

ही साइन्ड-ऑफ-बायची भानगड मला तेव्हा निव्वळ सरकारी वाटली होती. ती तशी नाही. २००३मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला की आमच्या मालकीचा कोड तुम्ही लिनक्समध्ये घातलात. कुठली ओळ कुणी कुठून आणली हे सांगता यायला हवं, म्हणून २००४पासून ही ओळ आली. हे मी लिहिलंय किंवा मला हे देण्याचा हक्क आहे, अशी ती लेखी हमी. पॅच ज्याच्या ज्याच्या हातून वर जातो तो प्रत्येक जण खाली आपली ओळ जोडतो. तलाठी, सर्कल, तहसीलदार.

मग त्यांनी उपकरणाची पूर्ण माहिती मागितली, म्हणजे कोणते इंटरफेस, कोणते एंडपॉइंट. ती दिली. आणि एक दिवस दोन शब्दांचा मेल आला. 'अप्लाइड, थँक्स.' चार महिने झाले होते आणि मी दोनच शब्द चार वेळा वाचले.

त्या चार महिन्यांतले निदान तीन आठवडे मी फुकट चिडचिड केली, कारण मला त्यांचं वेळापत्रकच माहीत नव्हतं. कर्नलची नवी आवृत्ती साधारण ९-१० आठवड्यांनी निघते. त्यातले पहिले दोन आठवडे मर्ज विंडो, म्हणजे मेंटेनरांनी आधी साठवून ठेवलेला माल लिनक्सचे कर्ते टोरवाल्ड्स यांच्याकडे पोचवायचा. त्या दिवसांत ते नव्या पॅचकडे सहसा बघत नाहीत. तुझ्या पॅकहाउसात कंटेनर भरायला लागलेला असताना कुणी रोपवाटिकेचं कोटेशन घेऊन आला तर तू बघशील? मी नेमका त्याच दिवसांत पाठवला होता.

आता मुद्द्याचं. पॅच बरोबर आहे का, एवढाच प्रश्न मेंटेनरपुढे नसतो. तू उद्या पॅकहाउस सोडशील, लग्न करशील, ही लायब्ररी विसरशील. ती ओळ मात्र त्याच्या घरात राहणार. दोन वर्षांनी तिच्यामुळे काही मोडलं तर लोक त्याच्या दारात येणार, तुझ्या नाही. म्हणून तो बघतो की हे मला कळतंय का, उद्या कुणी हलवलं तर टेस्ट ओरडेल का, आणि हा माणूस प्रश्नाला उत्तर देतो की 'आमच्याकडे चालतंय' म्हणतो. तू तेच म्हणालास. 'सगळं गरजेचं आहे' हे उत्तर नाही, दार लावून घेणं आहे.

तेव्हा असं कर. नवी ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी फांदी, काढ. गिट ॲड डॅश पी ने तुकड्या-तुकड्याने फक्त ती ओळ उचल. फॉन्ट, नावं, इस्त्री, सगळं मागे ठेव. इस्त्री करणारा फॉरमॅटर त्या फोल्डरपुरता बंद कर, नाहीतर पुन्हा तेच होईल. मग ती ओळ लावायच्या आधी गिट ब्लेम चालव. साफसफाईचं ते फंक्शन कुणी, कधी, कशासाठी घातलं? ते अक्षर कुणीतरी वैतागून काढायला लावलं असणार. त्याचं दुखणं तुझ्या दुरुस्तीने परत आलं तर तुझा पॅच गेलाच म्हणून समज.

टेस्ट लिही. आधी ती जुन्या कोडवर चालव. तिथे ती नापास झालीच पाहिजे, नाहीतर ती टेस्ट काहीच तपासत नाही. आणि टेस्टमध्ये ते जोडचिन्ह टाइप करू नको, आकड्यात लिही. न दिसणारं अक्षर रिव्ह्यू करणारा बघणार कसं?

आणि नाना, 'त्यांना मराठीचं काय पडलंय' हे बोलायला सोपं आहे. तुम्हाला सिंहली येते का? श्रीलंकेतला 'श्री' सिंहलीत लिहायला हेच यू+२००डी लागतं. मोबाइलवर आई-बाप-पोर असं एका चित्रात जे कुटुंब येतं ना, ते आत वेगवेगळी चित्रं असतात आणि त्यांना जोडणारं हेच. साफसफाईने ते काढलं की कुटुंबाची वाटणी होते. मेंटेनरला कुऱ्हाडे वाचता येणार नाही, पण चित्रातलं कुटुंब फुटलेलं एका नजरेत दिसेल. टेस्टमध्ये दोन्ही घाल.

कमिट मेसेज (बदलासोबत नोंदवायची टीप) इंग्रजीतच द्यायचा आहे, पण आधी मराठीत लिही म्हणजे डोकं ताळ्यावर येतं. मी लिहिला असता तर असा:

'मजकूर साफ करताना जोडचिन्हं काढू नयेत.

छपाईआधीचं फंक्शन चार अदृश्य अक्षरं काढतं, युनिकोड क्रमांक: २००बी, २००सी, २००डी आणि एफईएफएफ. यातली मधली दोन कचरा नाहीत. मराठीत र, हलन्त आणि २००डी मिळून पुढच्या अक्षराला चिकटणारा आडवा र होतो. २००डी काढला की त्याचा रफार होतो आणि आडनावाचं स्पेलिंग बदलतं. फारसीत २००सी लागतो. जोडून केलेल्या इमोजीही याच कारणाने तुटतात. म्हणून २००बी आणि एफईएफएफ काढणं चालू ठेवलं आहे, बाकी दोन राखली आहेत.'

बस. यात 'मी' कुठेही नाही आणि पॅकहाउसही नाही. काय बिघडतं, का बिघडतं, काय केलं, काय मुद्दाम केलं नाही. सुट्टी संपली.

गंगापूररोड_र्‍हस्वदीर्घ
११ फेब्रुवारी, रात्री ९:०५

ताईंनी बरंच सांगितलं. मी लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये अधूनमधून लहानसहान पॅच देत असतो (निवृत्तीनंतरचा उद्योग), म्हणून फॉन्टबद्दल दोन शब्द.

क्रेटवाले, फॉन्ट ही बायनरी फाइल. ती उघडून वाचता येत नाही. तुम्हाला वाटलं उपकार केला, पण समोरच्याच्या पोटात गोळा आला असेल. मार्च २०२४ आठवा. एक्सझेड नावाच्या, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असणाऱ्या कॉम्प्रेशनच्या प्रकल्पात चोरदरवाजा सापडला. तो घालणाऱ्याने दोनेक वर्षं सज्जनासारखे पॅच दिले होते, विश्वास कमावून सहमेंटेनर झाला होता. आणि विष कशात लपवलं, तर टेस्टसाठी म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींत. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायची सोय) लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा किडा चावला, म्हणून ते उघडकीला आलं. तेव्हापासून अनोळखी माणसाने आणलेली बायनरी म्हणजे बसस्टँडवर कुणी 'जरा ही पिशवी धरा' म्हणण्यासारखं झालं आहे. शिवाय फॉन्टचं लायसन्स वेगळं, प्रकल्पाचं वेगळं, तो कागदोपत्री ताप निराळाच.

दुसरं, प्रत्येक घराची रीत वेगळी, ती आधी वाचा. लिब्रेऑफिसमध्ये पॅच गेरिट नावाच्या रिव्ह्यूच्या साइटवर चढवावा लागतो आणि माझं योगदान अमुक लायसन्सखाली आहे असं एकदा लिहून द्यावं लागतं. मग वेगवेगळ्या सिस्टिमवर बिल्ड होतो, तो हिरवा झाल्याशिवाय माणूस बघत नाही. पोस्टग्रेसमध्ये पॅचांसाठी कमिटफेस्ट भरतात, म्हणजे ठरलेले दिवस फक्त रिव्ह्यूचे. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतल्या बऱ्याच प्रकल्पांत मोठा बदल द्यायचा तर कॉपीराइट लिहून द्यावा लागे. त्यातल्या जीसीसी या कंपायलरने २०२१मध्ये ती अट सैल केली. एसक्यूलाइट हा डेटाबेस तर सरळ सांगतो की कोड सगळ्यांना खुला आहे, पण बाहेरच्यांचे पॅच आम्ही घेत नाही. तिथे कितीही सुबक पॅच नेला तरी उपयोग नाही, आणि त्यात अपमानही नाही.

आणि चटकन बंद करण्याचं म्हणाल तर २०२०च्या ऑक्टोबरात काय झालं ते माहीत असेलच. हॅक्टोबरफेस्ट नावाच्या ओपन सोर्सच्या उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळायचा. लोकांनी रीडमी फाइलीत 'ऑसम प्रोजेक्ट' असे शब्द घुसवून हजारो प्रकल्पांवर मारा केला. त्यात आपल्या देशातली पोरं कमी नव्हती. शेवटी महिना सुरू असतानाच नियम बदलावा लागला की प्रकल्पाने होकार दिला तरच मोजणार. असली झाडलोट केलेल्या माणसाला 'मराठी प्रॉब्लेम फिक्स्ड' दिसलं की हात आपोआप बंद करायच्या बटणाकडे जातो.

नाशिकरोडचा_नाना
१२ फेब्रुवारी, सकाळी ७:०२

सिंहली येत नाही, मान्य. पण फोर्कचं काय वाईट? लिब्रेऑफिस हाच २०१०चा फोर्क आहे म्हणतात.

सेकंड_शिफ्ट_सातपूर
१२ फेब्रुवारी, दुपारी १:४१

वाईट काहीच नाही, नाना. ईजीसीएस हा १९९७मध्ये जीसीसीतून फुटला आणि १९९९मध्ये तोच अधिकृत जीसीसी झाला. पण तिथे वेगळी चूल मांडायला माणसांची फौज होती. एका र साठी चूल मांडली की मूळ लायब्ररीच्या दर रिलीजला तुमची ओळ पुन्हा बसवत बसा. मी त्या कन्व्हर्टरसाठी आठ महिने स्वतःचा कर्नल बांधत होते. एकदा सिक्युरिटी अपडेट आलं आणि घाईत माझा पॅच लावायचा राहिला. रात्रपाळीला चाळीस मीटर मुके. त्या रात्री अडीच वाजता डब्यांपुढे उकिडवी बसून ठरवलं की ही ओळ मुळातच गेली पाहिजे.

बाय द वे, ती गेल्यावर जुन्या स्टेबल कर्नलमध्येही आली. स्टेबलमध्ये एरवी फक्त दुरुस्त्या जातात, पॅच १०० ओळींच्या आतला लागतो आणि आधी टोरवाल्ड्सच्या मूळ कोडात असावा लागतो, पण नवा आयडी वाढवणं तिथे चालतं. हे मला मेंटेनरनेच सांगितलं, मी विचारलंही नव्हतं.

क्रेटवाला_पिंपळगाव
१६ फेब्रुवारी, रात्री १:१०

ताई, आधी दोन दिवस राग आला होता. मग गिट ब्लेम चालवलं.

ते फंक्शन २०१७मध्ये घातलंय. मेसेजमध्ये लिहिलंय की लोक वेबपेजवरून मालाचे कोड कॉपी करून चिकटवतात, त्यासोबत न दिसणारी जागा येते आणि बारकोड छापताना प्रोग्राम कोसळतो. म्हणजे तो माणूसही कुठल्यातरी गोदामात रात्री एक वाजता बसला असणार.

नवी ब्रँच केली. एक ओळ बदलली, दोन टेस्ट लिहिल्या: कुऱ्हाडे आणि कुटुंब. जुन्या कोडवर दोन्ही नापास, नव्यावर पास. जुन्या पुल रिक्वेस्टवर मेंटेनरला लिहिलं की तुमचं म्हणणं बरोबर होतं, दुरुस्ती वेगळी करून नव्याने पाठवतोय. इथे कंटेनर भरायला लागलाय, तो गेला की झोपतो.

क्रेटवाला_पिंपळगाव
२३ फेब्रुवारी, रात्री १०:२०

उत्तर आलं, सहाव्या दिवशी. फुटलेल्या कुटुंबाचा फोटो त्याने स्वतः काढून लावलाय आणि वर लिहिलंय, आता कळलं. पण खाली एक प्रश्न: बारकोडचा मजकूरही याच फंक्शनमधून जातो, तिथे काय होईल?

मी म्हटलं काय होणार. तरी चालवून बघितलं. शेतकऱ्याच्या कोडमध्ये एक्सेलमधून आलेलं जोडचिन्ह घातलं आणि बारकोड मागितला. धाडकन कोसळला. आमच्या बारकोडच्या प्रकाराला, कोड-१२८ला, फक्त आस्की, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं-आकडे-चिन्हं कळतात. जोडचिन्ह त्याच्या गावीही नाही. म्हणजे ताई, माझी एक ओळ चूकच होती. ती गेल्या महिन्यात घेतली असती तर २०१७चं दुखणं मीच परत आणलं असतं, तेही आमच्याच पॅकहाउसात, ऐन हंगामात.

सेकंड_शिफ्ट_सातपूर
२३ फेब्रुवारी, रात्री ११:०३

माझ्याही लक्षात आलं नव्हतं. एवढं 'गिट ब्लेम बघ' म्हणून सांगितलं आणि बारकोड स्वतःच विसरले.

दोन वाटा कर. छापायच्या मजकुरात जोडचिन्हं राखायची, बारकोडला जाणाऱ्या मजकुरातली चारही काढायची. फंक्शनला एक आर्ग्युमेंट दे आणि त्याची डीफॉल्ट किंमत जुनंच वागणं ठेव, म्हणजे बाकी कुणाचं काही मोडणार नाही. बारकोडची तिसरी टेस्ट घाल. आणि आता 'कधी घेता?' विचारू नको. त्याने प्रश्न विचारलाय म्हणजे तो घ्यायच्या विचारात आहे. न घ्यायचा पॅच असेल तर कुणी एवढं डोकं चालवत नाही.

गंगापूररोड_र्‍हस्वदीर्घ
२४ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

आणि सुधारून देताना त्याच पुल रिक्वेस्टमध्ये द्या, तिसरी उघडू नका. 'टायपो दुरुस्त', 'पुन्हा दुरुस्त', 'आता खरंच दुरुस्त' असे पाच कमिट तर अजिबात ठेवू नका, रिबेस करून एकच करा. आधीपेक्षा काय बदललं ते मात्र खाली दोन ओळींत लिहा, म्हणजे त्याला सगळं पहिल्यापासून वाचावं लागणार नाही.

क्रेटवाला_पिंपळगाव
५ मार्च, दुपारी ४:४८

मर्ज झाला, म्हणजे पॅच मूळ कोडात गेला.

एका ओळीचा सात ओळींचा झाला, टेस्ट धरून चौतीस. मेसेजचं शीर्षक त्याने न विचारता बदललं. मी 'आडवा र' वर जोर दिला होता, त्याने 'जोडचिन्हं राखा' एवढंच ठेवलंय. कुऱ्हाडे मात्र टेस्टमध्ये तसंच आहे, तेही आकड्यांत. काकांना सांगितलं की तुमचं आडनाव आता जगभर तपासलं जाणार. ते म्हणाले, "ते ठीक, पण मागच्या चिठ्ठ्यांचं काय?" नव्वद चिठ्ठ्या परत छापून दिल्या.

रिलीज कधी ते ठाऊक नाही. तोवर आम्ही त्याच कमिटवर पिन करून चालवतोय. फोर्क नाही, नाना.

सेकंड_शिफ्ट_सातपूर
५ मार्च, रात्री ८:१५

माझंही शीर्षक बदललं होतं. तेव्हा फार लागलं होतं.

नाशिकरोडचा_नाना
५ मार्च, रात्री ९:३३

अभिनंदन भो. एक विचारू का, माझ्याकडे त्याच लायब्ररीचा दोन वर्षं जुना फोर्क पडलाय, त्यात पावतीवर आकडे मराठीत यायची सोय केलीय. फाइली सतरा आहेत. कुठून सुरुवात करू?

क्रेटवाला_पिंपळगाव
५ मार्च, रात्री ९:४१

लिंक पाठवा. आधी फॉरमॅटर बंद करा.